लघवीत न दुखता दिसलेलं रक्त आणि नागपूरच्या धंतोलीतलं हे युरॉलॉजी क्लिनिक

लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही, आणि एक-दोन दिवसांत रंग आपोआप पहिल्यासारखा झाला. असं झालेली बरीच माणसं आपल्याकडे घरीच राहतात. माझ्या बाबांना मी या क्लिनिकमध्ये आणलं ते नेमकं याच कारणासाठी. इथल्या डॉक्टरांनी काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण नुसतं ‘छान सेवा’ लिहून कोणाला काही कळत नाही.

मे महिन्यात नागपुरात लघवीचं काहीही बिनसलं की घरोघरी एकच निदान होतं. बाबांचंही तेच. “काहून घाबरून राह्यला? उन्हाळी लागली असन. दुखत तं नाही ना!” पण उन्हाळी लागली की आग होते, लघवी थेंब-थेंब होते. बाबांना आग नव्हती, ताप नव्हता. रंग मात्र स्पष्ट लाल होता आणि सोबत रक्ताची बारीक गाठ पडली होती. आधी दुसऱ्या एका दवाखान्यात इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स झाला. पुन्हा रक्त दिसलं तेव्हा तिथेच सांगितलं, की हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे होतं असं.

इथल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी जुना लघवीचा रिपोर्ट मागितला आणि पेन एका ओळीवर ठेवलं. तांबड्या पेशी भरपूर, पू-पेशी अगदी नगण्य, कल्चरमध्ये जंतू नाहीत. “मग इन्फेक्शन कुठं आहे यात?” एवढंच विचारलं त्यांनी. रक्त पातळ करायच्या गोळीने आतली जखम लवकर वाहू शकते, पण जखम गोळी करत नाही, म्हणून मूळ शोधायचंच, हेही समजावलं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अशी ताकीद दिली ती वेगळी.

मग प्रश्न. बिडी किती वर्षं? काम काय केलं? बाबांनी उमेदीच्या काळात गोळीबार चौकाच्या बाजूला हातमागाचं सूत रंगवायचं काम केलंय, हात कोपरापर्यंत रंगात. हे आजवर कोणत्याच डॉक्टरनं विचारलं नव्हतं. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर जास्त होतो, हे जर्मनीतल्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने १८९५ सालीच मांडलं होतं. आणि बिडी-सिगारेट हे तर या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण. धूर फुप्फुसात जातो, पण त्यातली विषारी द्रव्यं रक्तातून किडनीत गाळली जातात आणि लघवीसोबत तासन् तास मूत्राशयात साचून राहतात. बाबांना हे इतक्या सोप्या भाषेत सांगितलं, की परत येताना त्यांनी खिशातला बंडल माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी उगाच धास्तीही घातली नाही. रक्ताचं कारण बहुतेक वेळा मुतखडा, इन्फेक्शन किंवा वाढलेली प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) निघतं, हे आधीच सांगितलं. रात्री चार-चार वेळा उठावं लागणं, धार बारीक होणं, घाई होऊन कपड्यात होणं, यामागेही साधारणपणे प्रोस्टेटची साधी वाढच असते. पण वयस्कर माणसाला बिनदुखीचं लाल रक्त दिसलं, एकदा का होईना, तर सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी झाल्याशिवाय मी सोडत नाही, असं ते म्हणाले. बायकांच्या बाबतीत तर ‘इन्फेक्शन’च्या नावाखाली जास्तच उशीर होतो, हे त्यांनी माझ्या बायकोकडे बघून मुद्दाम सांगितलं. प्रोस्टेटसाठी रक्ताची पीएसए तपासणी करतात, तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, इन्फेक्शन असताना तो आकडा खोटाच वाढतो, त्यामुळे वेळ बघून करायची.

दुर्बिणीची बाबांना फार धास्ती होती. इथे लवचिक दुर्बीण आहे, ती लघवीच्या वाटेनं मूत्राशयात घालतात. बधिर करणारी जेली टाकतात, थोडा वेळ थांबतात, आणि मग आत बघायला पाच-सात मिनिटं पुरतात. पेशंट जागा असतो, पडदा त्यालाही दिसतो. मूत्राशयाच्या गुलाबी भिंतीवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी पाण्यात हलत होतं. सोनोग्राफीत ते धड दिसलंच नव्हतं. डॉक्टर गप्प झाले नाहीत, तिथल्या तिथे बाबांना म्हणाले, “काका, हे काढावं लागेल. पोट फाडायचं नाही, याच वाटेनं.”

ऑपरेशन झालं. बायोप्सीत कॅन्सरच निघाला, पण स्नायूपर्यंत पोचलेला नव्हता. त्यानंतर दर आठवड्याला एक असे बीसीजीचे सहा डोस मूत्राशयात सोडले. लहान बाळांना क्षयासाठी टोचतात तीच बीसीजी. औषध दोन तास आत धरून ठेवायचं, पुढचे सहा तास लघवी बसूनच करायची आणि दरवेळी संडासात ब्लीच ओतून थोडं थांबून मग पाणी सोडायचं. इथल्या सिस्टरनं हे सगळं मराठीत कागदावर लिहून दिलं आणि आईकडून एकदा वदवूनही घेतलं. हा आजार परत उलटतो, म्हणून ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण होती. त्याची तारीख आमच्या आधी क्लिनिकनंच फोन करून कळवली. ती दुर्बीण स्वच्छ आली.

आता खटकलेलं. अपॉइंटमेंट साडेसहाची, नंबर लागला आठ वाजून गेल्यावर. ज्यांना दर अर्ध्या तासाला जावं लागतं असे पेशंट या बाकांवर बसतात, आणि सगळ्यांना मिळून एकच संडास. पार्किंगचं धंतोलीत विचारूच नका, काँग्रेस नगर मेट्रो स्टेशनला उतरून ऑटो केलेला बरा. जनआरोग्य योजनेचं कार्ड इथे चालत नाही. मात्र डॉक्टर हे पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगतात, खर्चाचा अंदाज लिहून देतात आणि न झेपणाऱ्याला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, सुपर स्पेशालिटीत युरॉलॉजीकडे जायला सांगतात. आमच्यासमोर एका उमरेडच्या काकांना त्यांनी अशी चिठ्ठी दिली.

येताना जुने सगळे लघवीचे रिपोर्ट आणा, नॉर्मल म्हणून बाजूला ठेवलेलेसुद्धा. चालू गोळ्यांची पाकिटं आणा. शक्य असेल तर लाल झालेल्या लघवीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आमच्या वेळी तो फार कामी आला. आणि क्लिनिकवाल्यांना एक विनंती: नमुना द्यायच्या संडासात भिंतीला धरायला दांडी बसवा. फरशी ओली असते, आणि तिथे जाणारी बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची आहेत.