फी जवळजवळ नाही, पण वेळ द्यावा लागतो: बर्लिनच्या किटा-सेवेचं परीक्षण

निकाल आधीच सांगतो. सहा वर्षांखालचं मूल घेऊन जर्मनीत राहायला येणाऱ्या कुटुंबाला मिळू शकणाऱ्या सर्वांत चांगल्या सार्वजनिक सेवांमध्ये बर्लिनची किटा नक्की बसते. पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागतो तो आई किंवा बाबाचा वेळ, तोही अशा वेळी जेव्हा दोघांनाही नव्या नोकरीत पाय रोवायचे असतात. हा हिशोब निघण्याआधी केला नाही तर चांगली सेवाही पहिल्या सहा महिन्यांत डोकेदुखी ठरते.

किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकाच छताखाली. मूल साधारण वर्षाचं झालं की सुरुवात, ते थेट शाळेत जाईपर्यंत. 1 ऑगस्ट 2013 पासून जर्मनीत पहिला वाढदिवस झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. बर्लिनने त्यापुढे जाऊन ऑगस्ट 2018 पासून सर्व वयोगटांची फी रद्द केली. उरतात जेवणाचे महिन्याला 23 युरो. काही किटा नाश्ता, दुपारचं खाणं, संगीत किंवा दुसरी भाषा यासाठी वर पैसे घेतात, त्यावर महिन्याला 90 युरोची मर्यादा आहे. ही जादा रक्कम ऐच्छिक मानली जाते, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी ती कशासाठी आहे ते ओळीओळीने विचारून घ्या. हे सगळं बर्लिनपुरतं. हॅम्बुर्गमध्ये रोजचे पाच तास जेवणासह मोफत आणि पुढच्या तासांना पैसे. इतर शहरांचे नियम आणखी निराळे. त्यामुळे म्युनिकच्या मित्राने सांगितलेले आकडे इथे धरून चालू नका.

क्रम असा: पत्ता, गुटशाइन (तासांचं हक्कपत्र), किटा. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक-सेवा कार्यालयात, पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. पहिले दोन-तीन महिने फर्निचरसह तात्पुरतं घर घेणाऱ्यांची गाडी इथेच अडते, कारण अशा काही घरांत नोंदणी करू देत नाहीत. नोंदणी नाही तर मुलाचा कर-क्रमांक येत नाही, तो नाही तर बालभत्त्याचा अर्ज अडतो. म्हणून घर ठरवताना भाड्याच्या आधी हा प्रश्न विचारा. बालभत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, जानेवारी 2026 पासून दर मुलामागे महिन्याला 259 युरो आहे आणि अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात.

गुटशाइनसाठी तुमच्या विभागाच्या युगेंडआम्टकडे, म्हणजे बाल-युवक कार्यालयाकडे, अर्ज करायचा: मूल सुरू करायच्या तारखेआधी जास्तीत जास्त नऊ महिने, कमीत कमी दोन महिने. त्यावर रोजचे तास ठरलेले असतात: अर्धा दिवस म्हणजे पाच तासांपर्यंत, पाच ते सात, सात ते नऊ, आणि नऊच्या वर. पूर्ण दिवस हवा असेल तर दोन्ही पालकांची गरज दाखवावी लागते: नोकरीचा करार, शिक्षण, भाषेचा वर्ग. कामावर जाण्यायेण्याचा वेळही यात धरतात, तो अर्जात लिहायला विसरू नका. जोडीदाराला अजून नोकरी नसेल तर कमी तासांनी सुरुवात करून पुढे तास वाढवून घेता येतात. त्यासाठी थांबून राहू नये.

गुटशाइन हातात आल्यावरच किटा शोधायची असं अनेकांना वाटतं. ते चुकीचं आहे. हक्कपत्र कुठल्याही एका किटाशी बांधलेलं नसतं, बर्लिनभर चालतं, आणि टपालाने यायला कित्येक आठवडे लागू शकतात. दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू करा. शहराच्या किटा-नेव्हिगेटर या संकेतस्थळावर जागा दिसतात, अर्जही करता येतो, पण निर्णय किटाची संचालिका घेते आणि तिला माणूस समोर दिसलेला आवडतो. सोप्या जर्मनमध्ये आठ-दहा ओळींची ईमेल पुरे: मुलाचं नाव, जन्मतारीख, कुठल्या महिन्यापासून, किती तास, घर कुठल्या रस्त्यावर. घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरातल्या सगळ्या किटांना पाठवा, मग महिन्याने पुन्हा विचारा. मोठी मुलं शाळेत गेली की ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत जास्त जागा रिकाम्या होतात. जानेवारीत येणाऱ्याला पर्याय कमी. मात्र गेल्या काही वर्षांत बर्लिनमध्ये जन्म घटले आहेत, त्यामुळे 2019 च्या आसपास ऐकू येणाऱ्या वर्षभराच्या प्रतीक्षायादीच्या कहाण्यांनी आता घाबरायचं कारण नाही. अनेक विभागांत निवड करण्याइतक्या जागा आहेत.

निवड करताना प्रकार समजून घ्या. शहराच्या स्वतःच्या किटा पाच संस्थांकडे आहेत. बाकी बहुतेक स्वतंत्र संस्था, चर्च किंवा पालकांच्या मंडळांच्या. पालक-मंडळाची किटा छोटी असते, पंधरा-वीस मुलांची, आणि मुलांकडे लक्ष फार छान असतं. पण स्वयंपाक, साफसफाई, हिशोब यात पालकांची पाळी लागते आणि संध्याकाळच्या बैठका जर्मनमध्ये होतात. दोघेही पूर्णवेळ नोकरी करत असतील तर हा भार पेलत नाही. एक जण घरी असून जर्मन शिकत असेल तर याहून चांगला भाषावर्ग मिळायचा नाही.

इंग्रजी-जर्मन द्विभाषिक किटा मराठी कुटुंबांना ओढ लावतात. आमचं मत स्पष्ट आहे: तीन वर्षांहून जास्त राहायचं असेल तर साधी जर्मन किटा घ्या. घरात मराठी, बाहेर जर्मन, एवढं मुलाला सहज झेपतं. इंग्रजी शाळेत आणि आईबाबांच्या बोलण्यातून येतेच. उलट, जर्मन कच्ची राहिली तर पहिलीत गेल्यावर ते मूल गप्प बसतं.

कागदपत्रांत दोन गोष्टी भारतातच उरकाव्यात. पहिली, जन्मदाखला. महापालिकेच्या मूळ दाखल्यावर बाळाचं नाव नसणं अगदी नेहमीचं आहे, कारण नोंद प्रसूतीनंतर लगेच होते. नाव घालून मराठी-इंग्रजी दाखला नव्याने काढा. वर्षाच्या आत हे विनाशुल्क होतं, पुढे विलंब शुल्क पडतं. त्यावरचं नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. दुसरी, लसीकरणाचं पुस्तक. 1 मार्च 2020 पासून लागू असलेल्या कायद्याने गोवराची लस दाखवल्याशिवाय किटात प्रवेश नाही: वर्षाच्या मुलाला एक मात्रा, दोन वर्षांपासून दोन. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत असते, म्हणून दीड वर्षाच्या सुमारास निघणाऱ्यांनी दुसरी मात्रा देऊनच विमानात बसावं. पुस्तकात नुसतं ब्रँडचं नाव आणि वाचता न येणारी तारीख असेल तर जर्मन डॉक्टर ती नोंद ग्राह्य धरेलच असं नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञाकडून एका कागदावर आजाराचं नाव, पूर्ण तारीख, सही आणि शिक्का असं टंकलेखित करून घ्या. बीसीजी दिल्याचंही त्यात लिहा, कारण जर्मनीत ती लस 1998 पासून नेमाने दिली जात नाही आणि दंडावरच्या व्रणाबद्दल प्रश्न येतो.

बालरोगतज्ज्ञ मिळणं हे किटापेक्षाही अवघड जातं. बरेच दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत. 116117 या क्रमांकावरून पहिल्या भेटीची वेळ मिळू शकते. किटाच्या प्रवेशासाठी वैद्यकीय तपासणीचा कागद लागतो, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आता या सेवेचा गाभा: आइनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला रुळवण्याचा काळ. बर्लिनमध्येच घडलेली पद्धत देशभर वापरली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर गटात बसतात. कोपऱ्यात, शांत, मोबाइल न काढता. मूल जवळ आलं तर घ्यायचं, आपण होऊन खेळात शिरायचं नाही. चौथ्या दिवशी पहिला विलग होण्याचा प्रयत्न: निरोप घ्यायचा, दाराबाहेर जायचं, जास्तीत जास्त अर्धा तास. तो दिवस सोमवार असेल तर एक दिवस पुढे ढकलतात, कारण शनिवार-रविवार घरी राहून मूल पुन्हा चिकटलेलं असतं. मूल रडलं आणि शिक्षिकेने समजावल्यावर सावरलं तर वेळ हळूहळू वाढवतात. सावरलं नाही तर बोलावतात आणि आणखी काही दिवस सोबत बसावं लागतं. प्रत्यक्षात दोन ते सहा आठवडे धरून चाला. बरोबर बसणारं माणूस शक्यतो एकच असावं; एक दिवस आई, एक दिवस बाबा असं केलं की काळ लांबतो.

इथे आपल्या घरातली एक सवय सोडावी लागते. मूल खेळात रमलं की हळूच सटकायचं, हे किटात चालत नाही. निरोप स्पष्ट घ्यायचा, ‘मी जाते, जेवणानंतर येते’ असं मराठीतच सांगायचं, आणि सांगितलेल्या वेळी यायचं. कारण साधं आहे: न सांगता गेलेल्या आईची वाट पाहणारं मूल दिवसभर दाराकडे पाहत बसतं आणि शिक्षिकेशी नातं जोडत नाही. रडणं ऐकून परत फिरणं मुलाला अधिक गोंधळात टाकतं. हा काळ आईबाबांनाही जड जातो. शिक्षिका ते ओळखून असतात, त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

व्यवहारात याचा अर्थ असा की दुसऱ्या पालकाने नोकरी सुरू करण्याची तारीख किटाच्या सुरुवातीनंतर किमान सहा आठवड्यांनी ठेवावी. रुळल्या-रुळल्या महिनाभर भारतात जाणंही टाळा. परतल्यावर बहुतेक मुलं पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. आजी-आजोबा 90 दिवसांच्या व्हिसावर येणार असतील तर त्यांना या काळात नव्हे, नंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बोलवा.

कारण पहिला हिवाळा आजारांचा. सर्दी, ताप, उलट्या-जुलाब एकामागून एक. पोटाचा आजार झाला तर त्रास थांबल्यावर साधारण 48 तास मुलाला आणू देत नाहीत. सरकारी आरोग्यविम्यात असलेल्या पालकाला आजारी मुलासाठी दर मुलामागे वर्षाला 15 दिवसांचा भत्ता मिळतो, दुसऱ्या पालकाला वेगळे 15. खासगी विम्यात हा हक्क नाही आणि मुलांचा हप्ताही वेगळा भरावा लागतो. आयटीतल्या जास्त पगारामुळे खासगी विम्याची निवड समोर येते, तेव्हा लहान मूल असलेल्यांनी सरकारीच घ्यावा.

जेवण साडेअकरा-बाराला. शाकाहार सांगितला की बहुतेक ठिकाणी मिळतो, पण ‘डुकराचं मांस नको’ आणि ‘मांस-मासे नकोत’ हे दोन वेगळे रकाने आहेत. योग्य तो भरा. जिलेटिनच्या गोळ्या वाढदिवसाला वाटल्या जातात, त्याही लिहून द्या. अंडं चालत नसेल तर अडचण खरी आहे, कारण ते पॅनकेकपासून कटलेटपर्यंत सगळ्यात असतं. दाण्यांना अनेक किटांमध्ये बंदी आहे, म्हणून डब्यात शेंगदाणाकूट घातलेलं काही नको. थालीपीठ, धिरडं, पराठ्याच्या सुरळ्या छान चालतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इथे कोणी भरवत नाही. निघण्याआधी दोन-तीन महिने चमच्याने स्वतः खाण्याची सवय लावा. लंगोट सुटलेला असण्याची मात्र अट नसते, त्याची घाई नको.

पाऊस असो वा बर्फ, मुलं रोज बाहेर जातात. हवी माचहोजे म्हणजे चिखलात बसता येईल अशी रबरी पँट, गमबूट, घरातल्या चपला, बोटं नसलेले हातमोजे आणि कपड्यांचे दोन जादा जोड, सगळ्यावर नाव. भारतातून जाड स्वेटर भरून आणू नका. इथे उबेइतकंच पाणी अडवणं गरजेचं असतं. मुलांच्या कपड्यांची मापं सेंटिमीटरमधल्या उंचीवर असतात, 98 म्हणजे 98 सेंटिमीटरचं मूल. जुन्या कपड्यांच्या मुलांच्या बाजारात हे सगळं स्वस्तात मिळतं.

उणिवाही आहेत. कर्मचारी कमी पडले की तास अचानक कापले जातात, विशेषतः फेब्रुवारीत. शहराच्या किटांमध्ये 2024 साली वारंवार संप झाले. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे आणि नाताळात किटा बंद असते. पुढच्या वर्षाच्या तारखा आधी मिळतात, त्या पाहूनच भारताची तिकिटं काढा. भारतातल्या प्लेस्कूलसारखे रोजचे फोटो किंवा गृहपाठ मिळणार नाहीत. दाराशी दोन मिनिटांत ‘जेवला, झोपला, पडला’ एवढंच कळतं. एबीसी आणि आकडे शिकवावेत अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. ती अपेक्षा सोडावी असंच सुचवतो. या वयात चिखल, झाड आणि भांडण मिटवायला शिकणं जास्त मोलाचं आहे.

पाच वर्षांचं मूल घेऊन येणाऱ्यांचा हिशोब वेगळा. बर्लिनमध्ये 30 सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्याच वर्षी शाळेत जातं आणि नावनोंदणी आदल्या शरद ऋतूत होते. ती चुकली असेल तर पत्ता नोंदवताच जवळच्या प्राथमिक शाळेत जाऊन विचारा. शाळा सुरू व्हायला चार-पाच महिने असतील तरी मधल्या काळासाठी किटाचा अर्ज जरूर करा. तेवढ्यातही मूल रांगेत उभं राहायला, डबा उघडायला आणि ‘मलाही खेळायचंय’ हे जर्मनमध्ये सांगायला शिकतं.