वाए रेबो की बेना? फ्लोरेसमध्ये एकाच गावाला वेळ असेल तर

बालीला गेल्यावर दोन-तीन दिवसांत किनारे, मंदिरं आणि फोटोसाठी बांधलेले झोपाळे आटपतात. पुढचे तीन-चार दिवस मोकळे असतील, तर मी लोकांना बालीच्या पूर्वेला असलेल्या, इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावर पिटाळतो. बालीहून लाबुआन बाजो हे त्याच्या पश्चिम टोकाचं बंदर विमानाने तास-सव्वा तासावर. बहुतेक जण तिथून बोटीने कोमोडो ड्रॅगन बघून येतात आणि परत फिरतात. बेटाच्या आत शिरणाऱ्यांसमोर मात्र दोन गावांची नावं हमखास येतात: वाए रेबो आणि बेना. आणि दोन्ही बघायला दिवस पुरत नाहीत.

नकाशावर ही गावं जवळ वाटतात. त्यावर जाऊ नका. फ्लोरेसचा मुख्य रस्ता डोंगरांना वळसे घेत जातो आणि त्यावर ताशी तीस किलोमीटर पडले तरी नशीब समजायचं. लाबुआन बाजोहून वाए रेबोच्या पायथ्याचं डेंगे गाव गाडीने पाच-सहा तास, आणि तिथून पुढे पायपीट. बेनासाठी आधी बाजावा हे गाव-शहर गाठायचं, त्यात अख्खा दिवस जातो. पण बाजावापासून बेना तासाभराच्या आत आहे आणि गाडी थेट वेशीशी थांबते. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील, तर प्रश्न इथेच सुटला: बेना.

पाय धड असणाऱ्यांनी पुढे वाचावं.

वाए रेबो मांगराई भागात, सुमारे 1,100 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खळग्यात वसलंय. जंगलातून दोन-अडीच तासांची चढण, पावसाळ्यात जळवा धरून. गाव दिसण्याआधी शेवटच्या निवाऱ्यापाशी बांबूचं टोकरं वाजवायचं, म्हणजे खाली कळतं की पाहुणे आले. खाली उतरल्यावरही कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. आधी मुख्य घरात जायचं. तिथे गावातले वडीलधारे पूर्वजांना तुमची वर्दी देतात, थोडी दक्षिणा ठेवायची, आणि मग तुम्ही गावचे पाहुणे. हा उपचार पर्यटकांसाठी रचलेला नाही, पण पर्यटकांमुळे तो दिवसातून अनेकदा होतो, हेही खरं.

घरं सात. ‘म्बारू नियांग’ म्हणतात त्यांना. जमिनीपर्यंत उतरलेलं शंकूसारखं गवती छत, त्यामुळे भिंत दिसतच नाही. लाकडं वेताने बांधलेली, खिळा नाही. आत एकावर एक पाच मजले: खाली माणसं, त्यावर धान्य आणि सामान, त्यावर पुढच्या पेरणीचं बियाणं, त्यावर दुष्काळासाठीची शिल्लक, आणि अगदी टोकाला पूर्वजांचा नैवेद्य. दुष्काळाची शिल्लक बियाण्याच्याही वर, हाताला सहज न लागेल अशी. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

2008 मध्ये जकार्ताचे वास्तुविशारद योरी अंतर इथे आले, तेव्हा सातांपैकी चारच घरं उभी होती. मग बाहेरून पैसा उभा राहिला आणि गावकऱ्यांनी आपल्या हातांनी बाकीची घरं पुन्हा बांधली. 2012 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि फोटो जगभर गेले. म्हणून कोणी ‘अस्पर्शित गाव’ म्हणून हे विकत असेल, तर हसून सोडून द्या. गावाची मुलं शाळेसाठी खालच्या कोंबो वस्तीत राहतात, तांदूळ खालून पाठीवर येतो, आणि वरून खाली जाते ती कॉफी.

इथे मुक्काम केलाच पाहिजे. दिवसा येऊन जाणाऱ्याला सात शंकू दिसतात, बस. रात्री पाहुण्यांच्या घरात चटयांवर ओळीने झोपायचं. खाजगी खोली नाही, मोबाइलला रेंज धरू नका, वीज संध्याकाळी काही तास. माणशी खर्च जेवणासह तीन-साडेतीन लाख रुपिया. लाख ऐकून दचकू नका, आपले दोन हजारांच्या आतबाहेर.

बेनाचं सगळं उलटं आहे. इनेरिए ज्वालामुखीच्या पायथ्याशी, न्गादा भागात, एका लांबट डोंगरसोंडेवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं हे गाव. दोन्ही बाजूंना गवती छपरांच्या घरांच्या रांगा, चाळीस-एक घरं, नऊ कुळं, आणि मधल्या पटांगणात उभे-आडवे प्रचंड दगड. पहिल्या दृष्टिक्षेपात वाए रेबोसारखा श्वास अडकत नाही. खरं सांगायचं तर, कोणी समजावून सांगणारं नसेल तर अर्ध्या तासात कंटाळा येईल.

समजावणारा असेल, तर मात्र दोन तास कमी पडतात. पटांगणात एका खांबावर गवताची छत्री दिसते, तो ‘न्गाधू’, कुळाचा मूळपुरुष. समोर बाहुलीघराएवढं खोपटं, ते ‘भागा’, कुळाची मूळ आई. मराठीत छत्री शब्दाला स्मारकाचाही अर्थ आहे. तो इथे तंतोतंत बसतो. प्रत्येक कुळाची अशी जोडी. घरांच्या दर्शनी भागावर रेड्यांची शिंगं आणि डुकरांचे जबडे टांगलेले असतात; त्या घराने किती मोठे विधी पार पाडले, याचा तो जाहीर हिशेब. शाकाहारी मंडळींनी मनाची तयारी ठेवून यावं. वंश आईकडून चालतो, घर मुलीला जातं आणि नवरा तिच्या घरी राहायला येतो. ‘घरजावई’ म्हणताना आपला जो सूर लागतो, तो तिथे कोणाला कळायचाच नाही.

एक गंमत. वाए रेबोकर आपला मूळपुरुष एंपो मारो हा सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ प्रदेशातून आला असं सांगतात. मिनांगकाबाऊ समाज मातृवंशीय म्हणून जगाला ठाऊक. पण मांगराईत वंश मोजतात बापाकडून, आणि आईकडून मोजणारे निघतात ते पलीकडच्या न्गादात.

दोन्हीकडे लोक कॅथलिक आहेत आणि पूर्वजांना नैवेद्यही चुकत नाही. बेनाच्या वरच्या टोकाला तर मेरीमातेचं देवस्थान आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मोपदेशक पूर्व फ्लोरेसच्या टोकाशी असलेल्या सोलोर बेटावर आले, ती सारी ठाणी गोव्याहून चालणाऱ्या राज्याचा भाग होती. या डोंगराळ भागात मात्र चर्च रुजलं फार उशिरा, विसाव्या शतकात, डच राजवटीत.

आसपासचा मुलूखही तोलून बघा. वाए रेबोबरोबर रुतेंग शहर येतं. जवळच चांचारला टेकडीवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल भातशेती दिसते. मधल्या खुंटापासून पाचरीसारखे वाटे पाडलेले, अगदी म्बारू नियांगच्या छपरासारखे. रुतेंगच्या उत्तरेला लिआंग बुआ गुहा, जिथे 2003 मध्ये जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या प्राचीन मानवाचे अवशेष निघाले. बेनाबरोबर सोआचे गरम पाण्याचे झरे आणि बाजावाची अरेबिका कॉफी मिळते, आणि पूर्वेला एक दिवस वाढवला तर केलिमुतू ज्वालामुखीवरची तीन रंगांची तळी.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच: भात, पालेभाजी, अंडं, तिखटजाळ सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण शेंगदाण्याची चटणी बरोबर असलेली बरी. रोख पैसे लाबुआन बाजोतच काढा. आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस रिकामा ठेवा. 2024 च्या नोव्हेंबरात पूर्व फ्लोरेसचा लेवोतोबी ज्वालामुखी फुटला, तेव्हा राखेमुळे बालीची विमानंसुद्धा रद्द झाली होती.

माझा कौल? तीन दिवस आणि धड पाय असतील तर वाए रेबो, पण रात्रीच्या मुक्कामासकट. धावतपळत जायचं असेल तर नकोच. चार-पाच दिवस असतील, आणि माणसं घर कसं चालवतात यात तुम्हाला फोटोपेक्षा जास्त रस असेल, तर बेना. मला स्वतःला बेनाच जास्त आवडतं. तिथला वाटाड्या बाजावातूनच ठरवून घ्या आणि सकाळी आठच्या आत पोचा. बायका ओट्यावर मागावर बसलेल्या असतात, टूरच्या गाड्या अजून आलेल्या नसतात, आणि इनेरिए ढगात जायच्या आधी पुरा दिसतो.