डासांसाठी कोणतं तेल, जंतूंसाठी कोणतं?

एकाच बाटलीत डासही पळावेत आणि जंतूही मरावेत, अशी अपेक्षा ठेवली की दोन्ही कामं अर्धवट राहतात. त्यामुळे वनस्पतींचं सुगंधी तेल कशासाठी हवंय ते आधी ठरवा.

डासांसाठी अंगाला लावायचं असेल तर खरी निवड सिट्रोनेला (गवती चहाच्या जातीतल्या गवताचं तेल) की लेमन युकॅलिप्टस (लिंबाच्या वासाची निलगिरी), एवढीच आहे. सिट्रोनेला डासांना नकोसं होतं, पण त्यातले घटक त्वचेवरून भराभर उडून जातात. तास-दीड तासात परिणाम ओसरतो, वास मात्र येत राहतो आणि माणूस निर्धास्त बसतो. लेमन युकॅलिप्टसच्या बाबतीत नावाचा घोळ आहे. पानांतून काढलेल्या साध्या तेलात मुख्यतः सिट्रोनेलाल असतं, म्हणजे तेही लवकर उडणारंच. प्रक्रिया केलेल्या अर्कात पीएमडी हा घटक भरपूर असतो आणि तो सावकाश उडतो. असा 30 टक्के अर्क असलेला स्प्रे पाच-सहा तास साथ देतो. डेंग्यू-मलेरियाचा धोका असेल तर लेबलवर हेच शोधा, साध्या तेलावर विसंबू नका. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र हा अर्क लावायचा नाही.

लवंगेचं तेल डासांवर चांगलं चालतं, पण तेवढं तीव्र लावलं तर त्यातल्या युजेनॉल या घटकामुळे त्वचेची आग होते. अंगासाठी ते सोडून द्या.

जंतूंसाठी क्रम बदलतो. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हे जंतुनाशक घटक असलेली थाइम व ओरेगॅनोची तेलं सर्वांत जोरदार, पण त्वचेला तितकीच कडक. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाचं तेल त्यामानाने सौम्य; त्यात टर्पिनेन-4-ऑल हा मुख्य घटक किमान 35 टक्के असावा. ही तेलं जंतूच्या पेशीचं आवरण सैल करतात आणि आतले क्षार बाहेर झिरपतात. स्टॅफिलोकॉकस हा जंतू त्यांना लवकर बळी पडतो, तर बाहेरून आणखी एक आवरण असलेला स्यूडोमोनास हा जंतू सहजी दाद देत नाही. ओटा तेलकट असेल तर औषधी घटक त्या चिकट थरातच अडकतात. आधी साबणाने धुऊन घ्या. घरात मांजर असेल तर टी ट्री आणूच नका, तिला ते विषारी आहे.

त्वचेसाठी 50 मिली खोबरेल तेलात 1 मिली, म्हणजे साधारण 20 थेंब टी ट्री घातलं की 2 टक्के होतं. पुरळ येतं का ते पाहायला आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांबा. पाण्यात नुसते थेंब टाकून स्प्रे करू नका. टी ट्री वर तरंगतं आणि नळी तळातून ओढते, त्यामुळे आधी निव्वळ पाणी उडतं आणि शेवटी कडक तेल. लवंगेचं तेल जड, ते बुडतं; तिथे पहिलाच फवारा भाजतो. तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पॉलिसॉर्बेट 20 सारखा मिसळक हवाच.

डासांच्या अळ्यांसाठी तेलं नकोत. ती उडून जातात आणि पाण्यातल्या मासळीलाही मारू शकतात. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओता. ओतता येत नसेल तिथे बीटीआय (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध) वापरा.

बाटली गडद काचेची घ्या आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. हवा लागून जुनं झालेलं टी ट्री तेल ताज्यापेक्षा जास्त पुरळ आणतं.