कोर्टातल्या पदांची श्रेणी ठरवायची: श्रेणीवर्णनाने, गुणांकाने की बाजारदराने?

न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या पदवर्गीकरणाचा आढावा घ्यायला समिती बसली की पहिल्याच बैठकीत गाडी पगाराच्या आकड्यांवर येते. आकडे नंतरचे. आधी ठरवावं लागतं की पदाचं मोल कुठल्या मापाने काढायचं. मापं मुख्यतः तीन: श्रेणीवर्णन, गुणांक आणि बाजारदर. क्रमवारी ही चौथी पद्धत. तिच्यात सगळी पदं सरळ वरखाली लावायची असतात. मोजकी पदं असलेल्या कार्यालयात ती चालून जाते, मोठ्या आस्थापनेत नाही, म्हणून तिला इथेच सोडतो.

माझं मत आधीच सांगतो. सांगाडा श्रेणीवर्णनाचा ठेवावा, वादाची पदं गुणांकाने तपासावीत आणि बाजारदर दोन-चार पदांपुरताच वापरावा. असं का, ते पाहायला तीन पदं घेऊ: सुनावणीची नोंद ठेवणारा बेंच क्लार्क, समन्स आणि जप्तीची कामं करणारा बेलीफ आणि न्यायाधीशांच्या दालनातला लघुलेखक. जी पद्धत या तिघांना न्याय देत नाही, ती बाकी कितीही देखणी असली तरी कोर्टाच्या कामाची नाही.

श्रेणीवर्णन: स्वस्त, सोपं आणि शब्दांवर अवलंबून

या पद्धतीत प्रत्येक श्रेणीचं वर्णन आधी लिहून ठेवतात आणि पद कुठल्या वर्णनात बसतं ते पाहतात. अमेरिकी केंद्र सरकारची 1949 च्या कायद्याने आलेली सर्वसाधारण वेतनसारणी हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. तिच्यात आज 15 श्रेणी आहेत आणि प्रत्येक श्रेणीत वेतनवाढीचे 10 टप्पे. फायदा उघड आहे. कर्मचाऱ्याला समजतं, आस्थापना विभागाला राबवता येतं, बाहेरचा सल्लागार नसला तरी भागतं.

अडचण अशी की सगळा भार कर्तव्यसूचीवर पडतो, आणि कोर्टातल्या कर्तव्यसूच्या बहुधा जुन्या असतात. बेंच क्लार्कचंच बघा. कागदावर त्याचं काम ‘रोजनामा (प्रकरणात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद) लिहिणे, दस्तऐवजांना निशाणी (ओळखक्रमांक) देणे, पुढील तारीख नोंदवणे’. हे वाचून कुणीही त्याला साध्या लिपिकाच्या श्रेणीत टाकेल. आता प्रत्यक्ष बघा. बोर्डावरच्या प्रकरणांचा पुकारा चालू आहे, एका वकिलाला मुदत हवी आहे, दुसऱ्याचा साक्षीदार बाहेर ताटकळलाय, न्यायाधीश तोंडी आदेश देताहेत आणि हा माणूस त्याच वेळी रोजनामा लिहितोय. आरोपी हजर असताना ‘गैरहजर’ अशी नोंद झाली तर त्याच्यावर वॉरंट निघू शकतं. निशाणी चुकली तर अपिलात तो कागद शोधताना सगळ्यांची दमछाक होते. सूचीत यातलं काहीच नसतं. तिच्यात कृती असते, चूक झाल्यावर काय होतं ते नसतं.

म्हणून हा मार्ग घेणार असाल तर आधी कर्तव्यसूच्या नव्याने लिहून घ्या, आणि त्या पद सांभाळणाऱ्याकडून व त्याच्या अधीक्षकाकडून वेगवेगळ्या लिहून घ्या. दोन सूच्यांत जिथे तफावत पडेल तिथेच खरं काम दडलेलं सापडतं. ई-फायलिंग आलेल्या कोर्टांत हे जास्तच लागू आहे. आवक लिपिकाचं कागद स्वीकारून शिक्का मारण्याचं काम कमी झालं. दाखल झालेल्या फायलीतल्या त्रुटी काढणं आणि पक्षकाराला पोर्टल समजावणं वाढलं. पदनाम मात्र तेच.

गुणांक: मोजता येतं, पण माप कुणी आखलं?

गुणांक पद्धतीत कामाचे घटक पाडतात, प्रत्येक घटकाला पातळ्या आणि पातळ्यांना गुण देतात आणि बेरजेवरून श्रेणी ठरवतात. खासगी क्षेत्रात एडवर्ड हे यांची पद्धत प्रसिद्ध आहे. ज्ञान, समस्या सोडवणं आणि उत्तरदायित्व हे तिचे तीन मुख्य घटक. अमेरिकी केंद्र सरकारने आपल्या श्रेणींसाठी नऊ घटकांची पद्धत केली. आपल्या कामाला ती जास्त बोधप्रद आहे, कारण तिचे गुण उघड आहेत.

त्यात बेलीफ बसवून पाहू. समन्स बजावणं, जप्ती, घराचा ताबा घेणं ही त्याची कामं. उन्हापावसात फिरायचं, ताबा घेताना समोर संतापलेलं कुटुंब, कधी जमाव. या नऊ घटकांत शारीरिक कष्टांना कमाल 50 गुण आणि कामाच्या परिस्थितीला कमाल 50. दोन्ही पैकीच्या पैकी दिले तरी 100. उलट ‘पदासाठी लागणारं ज्ञान’ या एकाच घटकाला 1850 पर्यंत गुण आहेत, आणि त्याच्या तिसऱ्या पातळीवरून (350) चौथीवर (550) गेलं की एका उडीत 200 मिळतात. म्हणजे बेलिफाचा सगळा धोका ज्ञानाच्या एका पायरीच्या निम्माच. पाचवी श्रेणी 855 ते 1100 गुणांची आहे, त्यामुळे कष्ट आणि धोक्याचे पूर्ण 100 गुण मिळूनही श्रेणी जागची हलली नाही असं सहज होऊ शकतं.

पद्धत खोटी नाही. ती प्रशासनातल्या टेबलावरच्या कामांसाठी आखली गेली आणि तिथे ती ठीक चालते. धडा एवढाच की गुणांक पद्धत उसनी आणता येत नाही. भारांक, म्हणजे कुठल्या घटकाला किती वजन द्यायचं ते, कोर्टाने स्वतः ठरवायचे, आणि पदांना गुण द्यायला बसण्यापूर्वी ठरवायचे. नंतर ठरवले की हव्या त्या पदाला हवी ती श्रेणी मिळेपर्यंत भारांक हलत राहतात. समितीतल्या कुणाला हे ऐकून राग आला तर समजावं की तसं घडून गेलंय.

गुणांकाची खरी ताकद वादात दिसते. समान मोलाच्या कामाला समान मोबदला हे तत्त्व मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1951 च्या 100 क्रमांकाच्या करारात कामांच्या वस्तुनिष्ठ मूल्यमापनाचा उल्लेख आहे. लघुलेखन, टंकलेखन, नक्कल विभाग अशा ठिकाणी स्त्रिया जास्त असतील आणि बेलीफ, वाहनचालक या पदांवर पुरुष, तर ‘त्यांची श्रेणी वर का?’ हा प्रश्न येणारच. श्रेणीवर्णनापाशी तेव्हा ‘आम्हाला तसं वाटलं’ याच्यापलीकडे फारसं उत्तर नसतं. गुणपत्रक निदान समोर ठेवता येतं. मात्र वेळ आणि मनुष्यबळ भरपूर लागतं, म्हणून सगळ्या पदांना गुण देण्याच्या फंदात पडू नये. ज्यांच्याबद्दल वाद नाही अशी काही प्रातिनिधिक पदं आणि वादाची सगळी पदं एवढी पुरतात.

दालनातला लघुलेखक: इथे तिन्ही पद्धती अडखळतात

न्यायाधीश जितके वरिष्ठ तितकी त्यांच्या लघुलेखकाची श्रेणी वर, हे अनेक न्यायव्यवस्थांत गृहीतच धरलेलं असतं. कामाच्या मोलाशी याचा संबंध असतोही आणि नसतोही. वरिष्ठ न्यायालयातली निकालपत्रं लांब आणि गुंतागुंतीची असतील तर कौशल्य खरंच जास्त लागतं. पण खटल्यांनी गजबजलेल्या खालच्या कोर्टात दिवसभर साक्षी आणि आदेश उतरवणाऱ्याचं काम हलकं, असं कुठल्या मापाने म्हणायचं?

अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांनी यातून वेगळी वाट काढली. लिपिक कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांची वेतनरचना वेगळी, न्यायाधीशांच्या दालनातल्या सहायकांची वेगळी. त्याने तुलनेचं भांडण कमी होतं, पण दालनातून कार्यालयात बदली अवघड होते. जिथे बदल्या नियमित होतात तिथे मी हा मार्ग सुचवणार नाही. तिथे एकच श्रेणी ठेवून दालनातल्या वेळी-अवेळीच्या कामासाठी वेगळा भत्ता देणं बरं. पद बदललं की भत्ता थांबतो, श्रेणीला धक्का लागत नाही.

बाजारदर

याबद्दल थोडक्यात. तसंच काम बाहेर करणाऱ्याला जो पगार मिळतो त्यावरून पदाचं मोल ठरवायचं, ही ती पद्धत. बेंच क्लार्कला बाहेर बाजारच नाही, मग दर कशाचा काढणार? संगणकतज्ज्ञ, दुभाषे, लेखापाल यांना आहे. ही माणसं टिकत नसतील तर त्यांच्यापुरती तुलना करावी आणि फरक मूळ वेतनात न मिसळता वेगळा दाखवावा.

अरुंद श्रेणी की रुंद?

पद्धत ठरली तरी हा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या त्याच लिपिक कार्यालयांत एका स्तरात 61 टप्पे आहेत. सर्वसाधारण सारणीत 10. रुंद स्तरात माणूस पदोन्नतीशिवायही बराच वर सरकतो. कोर्टात वरची पदं मोजकी असतात, एकाच पदावर वर्षानुवर्षं काढणारे खूप, म्हणून रुंद स्तर मला इथे योग्य वाटतो. पण टप्पा देण्याचा अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहणार असेल तर अरुंद श्रेणी आणि ठरलेली वेतनवाढ बरी.

आणखी एक गफलत नेहमी होते: वेतन आयोग आला म्हणजे आढावा झाला असं मानलं जातं. भारतात सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीत 1 जानेवारी 2016 पासून जुन्या मूळ वेतनाला 2.57 ने गुणलं गेलं. सगळ्यांना एकाच आकड्याने गुणलं की रक्कम वाढते, पण बेलीफ आणि लिपिक यांच्यातलं जुनं अंतर, बरोबर असो वा चूक, तसंच पुढे जातं. दुय्यम न्यायालयांच्या कर्मचाऱ्यांकडे वेगळं पाहण्याचं काम 1996 मध्ये नेमलेल्या शेट्टी आयोगाने केलं, ते याच कारणाने महत्त्वाचं.

शेवटी अंमलबजावणी. काही पदं खालच्या श्रेणीत जाणारच. त्या माणसांचं चालू वेतन संरक्षित ठेवा आणि नवी श्रेणी पद रिकामं झाल्यावर लागू करा. हरकतींसाठी मुदत द्या, आणि हरकत ऐकणारे मूळ समितीतले नसावेत. गुणपत्रक किंवा श्रेणीवर्णन, जे वापरलं असेल ते, निर्णयासोबतच प्रत्येकाच्या हातात द्या. माहिती अधिकारात मागायला लावू नका.