दोन वर्षांचा पगार की एका वर्षाची वेगवान बाइक?

बाइक रेसिंग करणाऱ्या सोलापूरच्या पोराला ट्रॅक म्हणजे चेन्नई नाहीतर कोइम्बतूर. टायर, लेदर सूट, एन्ट्री फी यांतच खिसा रिकामा होतो; मग एकीकडे मागे पडलेल्या बाइकवर पगाराचा दोन वर्षांचा करार आणि दुसरीकडे वेगवान बाइकचा एकाच वर्षाचा, असं समोर आलं की पगाराच्या करारावर सही करायला हात शिवशिवतो.

जरा दमानं. बाइक मागे पडलेली असेल तर त्या दोन वर्षांत निकाल येत नाहीत, आणि पुढची टीम निकालच बघते. मोटोजीपी या जगातल्या सर्वोच्च बाइक रेसिंग मालिकेतल्या मार्क मार्केझने होंडाचा २०२४ पर्यंतचा करार वर्षभर आधी सोडला आणि ग्रेसिनी या खासगी टीमची आदल्या वर्षीची डुकाटी घेतली. स्पेनमधल्या आरागॉनला जिंकला, २०२५ मध्ये फॅक्टरी सीट, म्हणजे डुकाटीच्या स्वतःच्या टीममध्ये जागा, आणि विजेतेपदही. त्याच मालिकेतल्या होर्हे लोरेन्झोचं उलटं झालं: २०१८ला डुकाटीवर इटलीतली मुजेल्लोची शर्यत जिंकूनही पुढच्या वर्षी होंडावर, तिथे जमलं नाही, २०१९अखेर निवृत्त.

वय कमी असेल तर एक वर्षच बरं. मात्र कागद नीट वाचा. पडल्यावर फेअरिंग (बाइकचं बाहेरचं कवच), क्लच लिव्हर, फूटपेगचे (पाय ठेवायच्या खुंटीचे) पैसे कोणाचे? कॉलरबोन (गळ्याजवळचं हाड) मोडून मालिकेचे दोन राउंड हुकले तर मानधन चालू राहतं का? खराब निकालावर करार मोडायची मुभा बहुतेकदा फक्त टीमला असते. ती स्वतःलाही मागा. घर तुमच्यावर चालत असेल, तर दोन वर्षं घ्या.