टायमिंग बेल्टचे पूर्ण किट : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आलेला असताना, मी माझ्या दीड लिटर इंजिनाच्या डिझेल गाडीला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एका मेळात ठेवणारा दातेरी पट्टा), टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि वॉटर पंप असे पूर्ण किट बसवून घेतले. तेव्हापासून गाडी सुमारे १४,००० किलोमीटर चालली आहे. त्यात देवगडातला एक अख्खा पावसाळा आला आणि फोंडा घाटातून कोल्हापूरला केलेल्या, आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या कित्येक फेऱ्याही आल्या.

हे किट घेण्याची वेळ आली ती आधीच्या अर्धवट कामामुळे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये खर्च वाचावा म्हणून नुसता बेल्ट बदलला गेला आणि टेन्शनर जुनाच राहिला. पुढे सकाळी इंजिन थंड असताना घरघर ऐकू येऊ लागली आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढत असे. बाहेरचा फॅन बेल्ट बदलूनही आवाज गेला नाही. अखेर दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने फॅन बेल्ट पूर्ण उतरवून इंजिन केवळ काही सेकंद चालू केले. आवाज तसाच राहिला, तेव्हा दोष टायमिंग बेल्टवरच्या कव्हरच्या आत आहे हे उघड झाले. कव्हर काढल्यावर टेन्शनरचे बेअरिंग हाताने फिरवताना खरखरत होते आणि वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) डाग होता. बेल्ट मात्र दिसायला स्वच्छ होता, त्यावर एकही चीर नव्हती. हल्लीचे बेल्ट पूर्वीसारखे लवकर तडकत नाहीत, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. माझ्या इंजिनात बेल्ट तुटला किंवा त्याचे दात निसटले, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि काही हजारांचे काम थेट हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्यापर्यंत जाते.

बसवताना मी शेजारी उभा होतो. पुलींवरच्या खुणा जुळवून बेल्ट चढवल्यावर मेकॅनिकने क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवला, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, एकच फेरा होतो आणि त्यानंतरच सर्व खुणा पुन्हा मूळ जागी येतात. पहिल्या खेपेस कॅमची खूण एका दाताने पुढे गेलेली आढळली, म्हणून बेल्ट उतरवून पुन्हा चढवावा लागला. ही तपासणी टाळली असती, तर गाडी सुरू व्हायला कुरकुरली असती, घाटात तिने ओढ घेतली नसती आणि मी कदाचित डिझेल फिल्टरला दोष देत बसलो असतो.

आजवर आवाज परतलेला नाही आणि कूलंटची पातळी खुणेवर स्थिर आहे. नोव्हेंबरमध्ये वरचे कव्हर उघडून पाहिले, तेव्हा खाऱ्या हवेने बोल्टांच्या डोक्यांवर तांबूस गंज धरला होता. बेल्ट मात्र कोरडा होता. गंजापासून बचाव म्हणून पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाखाली ऑइल फवारून घेण्याची पद्धत मीही पाळतो, परंतु या वर्षी इंजिनाच्या त्या बाजूला फवारा जाऊ दिला नाही, कारण तेलाने बेल्टचे रबर फुगते व मऊ पडते.

तक्रारी दोन आहेत. किटमध्ये कॅम आणि क्रँकचे ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) नव्हते. ते वेगळे मागवण्यात तीन दिवस गाडी उभी राहिली, आणि जुने सील ठेवून नव्या बेल्टवर तेल पाझरू देणे मला मान्य नव्हते. शिवाय बोल्ट किती घट्ट आवळायचे ते सांगणारा कागद इतक्या बारीक अक्षरांत छापलेला होता की मेकॅनिकला मोबाइलवर फोटो मोठा करून आकडे वाचावे लागले. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर आम्ही वरच्या कव्हरवर पक्क्या शाईने लिहून ठेवले आहेत.