दिवेआगरचं घरगुती निवास: सोळा वर्षांत चार मुक्काम

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला आम्ही पहिल्यांदा गेलो ते डिसेंबर २००९ मध्ये. २०२५ च्या श्रावणात, एका बुधवारी चौथ्यांदा गेलो. चारही वेळा उतरलो एकाच घरी. घराचं नाव मात्र लिहीत नाही, कारण त्या घरच्या वहिनींनीच ते नको म्हणून सांगितलं. "ताई, माझ्याकडे तीन खोल्या. शेजारी दोन, पलीकडे चार. नाव माझं एकटीचं लिहिलंत तर त्यांच्या खोल्या रिकाम्या राहतात. गावाबद्दल लिहा." म्हणून हा अभिप्राय त्या घराचा आहे आणि गावाचाही.

आधी राहण्याचं. खोल्या साध्या, फरशी स्वच्छ, चादरी धुतलेल्या. पावसाळ्यात गाद्यांना थोडा दमट वास येतो, तो या खेपेलाही होता. गीझर नाही. अंगणातल्या बंबातलं पाणी बादलीनं आणून देतात आणि सात वाजता सांगितलं तर साडेसातला मिळतं. गाडी आळीच्या तोंडाशी ठेवावी लागते. दुसऱ्या रात्री वीज गेली, इन्व्हर्टर दोन तासांत संपला आणि पहाटेपर्यंतची रात्र आम्ही पडवीत बसून काढली. लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर पावसाळ्यात जाण्याआधी याचा विचार करा. लाटांत उतरायलाही त्या दिवसांत जाऊ नये, गावातली माणसं स्वतःच अडवतात.

जेवण मात्र असं की यांनी पुण्यात परतल्यावर तीन दिवस त्याचीच आठवण काढली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, आमसुलाचं सार. मोदक आधी सांगावे लागतात, कारण उकड तेव्हाच काढतात. पारी इतकी पातळ की आतला गूळ दिसतो. रात्री आठला पानं मांडतात, साडेआठला पोचलात तर भात गार मिळेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

१९९७ च्या नोव्हेंबरात गावातल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. तिथून गावाकडे गाड्या वळल्या. लोकांनी पडवीला लागून खोल्या काढल्या, बायकांनी खाणावळी सुरू केल्या. आम्ही २००९ ला गेलो तेव्हा शनिवारी खोली मिळायला महिनाभर आधी फोन करावा लागला होता, आणि मोदकांच्या पंगतीत दुसऱ्या पाळीला बसलो होतो.

२४ मार्च २०१२ ला पहाटे, मुखवटा होता त्या देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा खून करून मुखवटा नेला. पुढच्या जानेवारीत आम्ही गेलो. शनिवारच होता, पण घरात पाहुणे आम्ही दोघंच. किनारा तोच, सुरूचं बन तेच, मोदक तेच. यायची माणसं मात्र देवासाठी येत होती आणि देव नव्हता. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, "मुखवट्यामुळे खोल्या बांधल्या, आता वाडीवर जगायचं." आणि ते खरंच जगले. भाऊंनी पुन्हा सुपारीकडे लक्ष घातलं. घरची तीनशे पोफळी, वर मिरीचे वेल, मध्ये माड. वहिनींनी मोदकाची पिठी, कोकम, आंबोशी एसटीच्या पार्सलनं पुण्या-मुंबईच्या जुन्या पाहुण्यांना पाठवायला सुरुवात केली. खोलीचे दर त्यांनी उतरवले नाहीत. आधी मला ते खटकलं होतं, रिकाम्या खोलीपेक्षा कमी पैसे बरे असं वाटायचं. पण शेजारी दर पाडतो, मग आपण पाडतो, मग ताटातलं कमी होतं, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. त्यांनी ताटात एक पदार्थ वाढवला.

म्हणजे पहिली मंदी वाडीनं निभावली. पाहुणे नसले तरी झाडं होती.

दुसऱ्या वेळी तो आधारच गेला. २०२० च्या मार्चपासून टाळेबंदी होती, खोल्या बंद होत्या, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा त्या एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ सडपातळ आणि उंच, एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. तीनशेतली चाळीसएक उभी राहिली. पत्रे उडाले, खोल्यांत पाणी भरलं, महिनाभर वीज नव्हती. सरकारनं बागांसाठी सुरुवातीला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले होते. ऐकायला मोठी रक्कम वाटते, पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात, आणि हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. वीस गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबानं दहा हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त होती.

जूनच्या शेवटी वहिनींचा फोन लागला. पैसे त्यांनी मागितले नाहीत. मीच म्हणाले, पुढच्या मुक्कामाचे आत्ता पाठवते. पाच हजार पाठवले. नंतर कळलं की अशी आणखी एकवीस माणसं होती. त्यांनी एक वही केली, लाल पुठ्ठ्याची. तीत नाव, रक्कम, तारीख. त्या पैशांतून आधी पत्रे आणि मग पोफळीची रोपं आली. दान म्हणून एक रुपयाही घेतला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही गेलो, तेव्हा माझ्यासमोर वही उघडून पाच हजार वळते केले आणि वरचे दोनशे चाळीस घेतले. यांनी आग्रह केला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, म्हणून आम्ही गप्प बसलो.

त्या खेपेची एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. पूर्वी वाडीत भर दुपारी दिवा लावावा इतकी सावली असायची. आता तिथे ऊन पडलं होतं, मातीला भेगा, आणि भेगांच्या मधोमध गुडघाभर रोपं झावळ्यांनी झाकलेली. महिन्याभरापूर्वीच, नोव्हेंबरमध्ये, देवळात नवा मुखवटा बसला होता, आणि गावात पुन्हा गाड्या दिसायला लागल्या होत्या.

आता गर्दी आहे, पण ती शनिवार-रविवारची. बाकीचे चार-पाच दिवस आळीत कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. या रिकाम्या दिवसांसाठी आळीतल्या सहा घरांनी आपसांत ठरवून घेतलं आहे की एका दिवशी एकाच घरी चूल मोठी पेटवायची. राहा कुठेही, जेवण त्या घरी. आम्ही दुसऱ्या दिवशी शेजारी जेवलो. तिथलं कुळथाचं पिठलं वहिनींच्यापेक्षा सरस होतं, आणि हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग! तिच्या सासूचा हात आहे तो." वाया जाणारं अन्न कमी, गॅस कमी, आणि कुणाकडेच पाहुणा अर्धपोटी उठत नाही. मोठ्या रिसॉर्टांना हे जमेल असं मला वाटत नाही.

तुम्हाला जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा रस्ता आहे. पावसात घाटात वेळ धरून निघा. गावातल्या रूपनारायणाची, म्हणजे विष्णूची, मूर्ती सकाळी बघा, तेव्हा गाभाऱ्यात उजेड असतो. आणि ज्या घरी उतराल तिथे दरावरून घासाघीस करू नका.

निघायच्या सकाळी भाऊ मला वाडीत घेऊन गेले. सावली अजून परतलेली नाही, पण पोफळी माझ्या डोक्याच्या वर गेल्यात. त्यांतल्या तीन झाडांना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे. एकीला हात लावून ते म्हणाले, "ही पुण्याच्या पाच हजारांतली असेल बघा." वहिनी मागून ओरडल्या, "पाच हजार फिटलेत कधीच!"

माघी गणपतीनंतरच्या मंगळवारचं बुकिंग करून आलो आहोत. आगाऊ दोन हजार दिले. वहिनींनी लाल वही काढली आणि लिहून घेतले.